जुव्यावर एक उपलब्ध

मोबाइलात आमचा जुवा हिरव्या टिकलीएवढा.
टिकलीवर बोट ठेवलं की लिहून येतं :
चार्जिंग पॉइंट दोन, उपलब्ध एक.
हे एक कुठलं, ते मोबाइलाला ठाऊक नाही.
मला आहे, कारण चावी माझ्याकडे असते,
रेशनच्या वजनकाट्यामागे, खिळ्याला.

जेटीवरून वर आलात की मासळीच्या लिलावाचा ओटा,
त्याला टेकून ती पांढरी पेटी.
डावी बाजू खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच वर्षी खाल्ली,
उरलेल्यात मुंग्यांनी घर केलं.
कंपनीचा मुलगा आला, झाकण उघडलं, फोटो काढला,
दुपारच्या फेरीने परत गेला.
मुंग्या फोटोत छान आल्या होत्या.

उजवी चालते.
म्हणजे गिरण बंद असली तर चालते.
खाडी ओलांडून आलेली तार एकच.
मोतीराम सातार्डेकराने पट्टा चढवला
की पेटीचा दिवा हिरव्याचा लाल, लालाचा काहीच नाही.
मंगळवार-शुक्रवार दळण, बाकीचे वार गाड्यांचे.
असं कुणी ठरवलं नाही,
दोन भांडणांनंतर ठरून गेलं.

गाड्या तरी किती?
इकलाख होडेकरची रिक्षा, बर्फ नि टोपल्या वाहणारी,
मागची गादी केव्हाच काढून टाकलेली.
नर्सबाई रुजायची स्कूटर.
शाळेच्या शिपायाची एक, हप्ते थकल्यापासून
चादरीखाली झोपलेली.

माझ्या वहीत रकाने आहेत :
नाव, किती टक्क्यांवर आली, किती टक्क्यांवर गेली.
कोपऱ्यात मी तिथीही लिहिते.
उधाणात बर्फाची होडी थेट जेटीला लागते,
भांगाला दूर चिखलातच थांबते
आणि इकलाखला वाळूतून दुप्पट फेऱ्या.
वीज मंडळाच्या फॉर्मात विचारलं होतं,
मागणी कशी बदलते?
मी लिहिलं, चंद्रावर.
फॉर्म परत आला.

गेल्या शुक्रवारी
फेरीबोटीतून एक चकचकीत गाडी उतरली,
कोल्हापूरची पासिंग, नऊ टक्के.
माणूस टिकलीवर विश्वास ठेवून आलेला.
पेटी मुकी, गिरण गरगरत होती,
बायका डबे घेऊन ओट्यावर.
तो मोबाइल सगळ्यांना दाखवत फिरला,
हे बघा, एक उपलब्ध.

मोतीराम पिठाने पांढऱ्या भुवयांनी बाहेर आला.
"किती व्हया?"
"परत जाण्यापुरतं. तीस टक्के."
"तीस टक्के म्हणजे किती पायली?"
माणूस हसला. मोतीराम हसला नाही,
त्याला खरंच उत्तर हवं होतं.

शेवटी मीच हिशेब केला, वहीच्या मागच्या पानावर :
तीन तास.
तीन तासांत मोतीराम किती दळतो,
त्यातलं किती आजच लागणार,
उद्या कुणाकडे बारसं, कुणाकडे नुसतीच भूक.
बायका आपापसांत बोलल्या, कुजबुजत नाही, मोठ्याने.
चंद्रावती जुवेकरीण म्हणाली,
"तांदूळ खंय पळान जातत? सोड तेंका."
आणि तिने डबा उचलून गिरणीसमोरून
पेटीशेजारी आणून ठेवला,
गाडीच्या मागे, दुसऱ्या नंबरावर.

पट्टा उतरला.
एवढी शांतता शुक्रवारी आम्ही कधी ऐकली नव्हती,
खेकडे चिखलात टिचकतात तेही कळत होतं.
माणूस गाडीला टेकून उभा,
हातांचं काय करावं हे न सुचून.
मग इकलाखसोबत बर्फ उतरवायला गेला,
बूट भिजले, टक्के चढत राहिले.

सहाच्या फेरीने तो गेला. एकतीस.
मी वहीत नाव लिहिलं, टक्के लिहिले, सप्तमी लिहिली,
आणि पुढे कुठल्याच रकान्यात न बसणारं :
दळण मागे, चार पायली.

रात्री कुलूप लावायला गेले
तर मोबाइलात टिकली तशीच हिरवी,
आणि चंद्रावतीचा डबा
अजून नंबरात उभा.